तेरा दिवसांचं युद्ध, पन्नास वर्षांची खुर्ची

अंकाचा विषय संपादकांनी मे २०२५मध्येच ठरवला होता. ऑपरेशन सिंदूर नुकतंच होऊन गेलं होतं. गावोगाव तिरंगा यात्रा निघत होत्या, चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या भाऊंच्या जागी जवान आले होते. "शौर्यावर एक मोठा लेख द्या," एवढंच ते म्हणाले. शौर्य क्षणात घडतं. ते सांगायला मानपत्रं आहेत, पुतळे आहेत, सिनेमे आहेत. त्या क्षणानंतर जे सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालत राहतं, ते कुठे चालतं आणि कसं, हे बघायला मी निघाले.

१९७१चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सही होऊन संपलं. तेरा दिवस. त्या तेरा दिवसांत विशीतल्या ज्या जवानाच्या कण्यात गोळी घुसली, तो आज हयात असला तर सत्तरी ओलांडून गेलेला आहे, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाकाच्या खुर्चीत आहे. सैन्याला माणसं तरुणच लागतात. ओझं वाहायला, चढण चढायला, हुकूम झाल्यावर मागेपुढे न बघता सरकायला. गोळीचं वजन सगळ्यांना सारखंच, पण वीस वर्षांच्या पोराला ती लागली तर तिची मुदत पन्नास वर्षांची असते. आपली सगळी मानवंदना त्या क्षणाला असते, मुदतीचा हिशेब कुणी मांडत नाही.

पहाटेचा रस्ता

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेर पहाटे पाचला उभं राहिलं की अंधारातून आधी धापा ऐकू येतात आणि मग पोरं दिसतात. एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर अकादमीचं नाव, मागून मोटारसायकलवर शिट्टी वाजवत येणारे 'सर'. हे सर बहुधा स्वतः फौजेतून निवृत्त झालेले असतात. पोरांच्या डोक्यात एकच आकडा घोळत असतो, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत. त्यात बसलं तर ६० गुण. मग बीमवर दहा पुलअप काढले की ४०. नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, हे नुसतं पास व्हायचं. हल्ली आधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते, ती निघाली तरच मैदान.

माण-खटावकडचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा रस्त्याच्या कडेला बसून नडगीवर बर्फाची पिशवी धरून होता. "का जायचंय फौजेत?" असं विचारल्यावर तो आधी म्हणाला, "देशसेवा." मग जरा थांबून, "आन् दोन एकर कोरडवाहू हाय, मॅडम. बहिणीचं लगीन व्हायचंय." या दोन उत्तरांतलं एक खरं आणि एक खोटं, असं शहरात बसून ठरवता येतं. त्याच्याशी बोलताना ते जमत नाही. वर्दीचा अभिमान आणि महिन्याचा पगार ही त्याच्या लेखी एकच गोष्ट आहे. भाकरीसाठी गेलेला माणूस देशासाठी कमी गेला, असं ठरवायचा अधिकार ज्यांना भाकरीची चिंता नाही त्यांना कुणी दिला?

त्याची नडगी गेले काही आठवडे दुखत होती. डांबरी रस्त्यावर रोज धावून हाडाला बारीक तडे जातात. त्याला विश्रांती हाच उपाय, पण वय निघून जाण्याच्या धाकापुढे विश्रांती कुणाला परवडते? म्हणून वेदनाशामक गोळी घ्यायची आणि सरांपासून लपवायचं. मेडिकलला कळलं तर 'अनफिट'चा शिक्का. दुखणं लपवण्याची सवय फौजेत जाण्याआधीच लागते, आणि ती पुढे महागात पडते. एखादी दुखापत नोकरीमुळेच झाली हे दहा वर्षांनी सिद्ध करायचं, तर तिची नोंद वेळच्या वेळी झालेली असावी लागते. नोंद करायची तर दुखतंय म्हणून सांगावं लागतं, आणि पल्टनीत तेच कमीपणाचं वाटतं.

गावाच्या नावात मिलिटरी

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, सरकारदप्तरीही तसंच. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण मारले गेले. इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणार्थ इथे स्तंभ उभारला. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक लढाईत या गावची माणसं होती. घरात शिरलं की भिंतीवर एका ओळीत फोटो दिसतात. पणजोबा फेट्यात, आजोबा रुंद काठाच्या हॅटमध्ये, वडील आणि मुलगा बेरेमध्ये.

त्या ४६ जणांच्या वेळी देश कुणाचा होता, हा प्रश्न गावात विचारला की वडीलधारी माणसं गोंधळत नाहीत. राज्य इंग्रजांचं, इज्जत पल्टनीची. त्या महायुद्धात मराठा पल्टनी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पल्टनी कुत अल अमारा इथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत तो वेढा चालला. रसद तुटली. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि धर्म बुडेल म्हणून अनेक हिंदी शिपायांनी बरेच दिवस ते मांस नाकारलं. शरण गेल्यावर तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालवत नेताना कितीतरी माणसं वाटेत पडली. देऊळ, शेत आणि यात्रा एवढंच जग पाहिलेली ही पोरं होती. आपण कुठल्या नदीच्या काठी उपाशी मरतोय, हेही त्यातल्या बहुतेकांना धड माहीत नसणार.

फौजेत अजूनही 'नाम, नमक, निशान' म्हणतात. पल्टनीचं नाव, खाल्लेलं मीठ आणि निशाण. प्रत्यक्ष चकमकीत शेजारच्या साथीदाराखेरीज दुसरं काही डोळ्यांपुढे नसतं, असं लढून आलेले बहुतेक सगळे सांगतात. देशभक्तीची भाषणं त्याच्या आधी होतात आणि त्याच्या नंतर होतात.

गावाकडे फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. शिपाई म्हणून भरती होऊन नाईक म्हणून सुटला तरी पारावर तो मेजरच. असेच एक मेजर मला खडकीला भेटले.

अर्ध्या मिनिटाचा उठाव

पुण्याजवळ खडकीला रेंज हिल्सच्या बाजूला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ सालचं. १९७१च्या युद्धाने कण्याला इजा झालेले जवान मागे ठेवले होते. त्यांना रुग्णालयात कायम ठेवता येत नव्हतं आणि घरी पाठवलं तर ते जगणार कसे, असा पेच होता. त्यातून ही जागा उभी राहिली. देणग्या आणि सरकारी मदत यांवर ती चालते. आज तिथल्या रहिवाशांत शत्रूच्या गोळीने जायबंदी झालेल्यांपेक्षा डोंगराळ रस्त्यावर गाडी दरीत गेलेले, सरावात उंचावरून पडलेले, सुट्टीवर येता-जाता अपघात झालेले जास्त आढळतात. सीमेवर शांतता असली तरी सैन्याचा रोजचा दिवस धोक्याचाच असतो.

हे मेजर मला व्हरांड्यात भेटले. बोलता बोलता मध्येच थांबले, दोन्ही तळहात खुर्चीच्या हातांवर रोवले आणि अख्खं शरीर वर उचलून धरलं. दंडाच्या शिरा तटतटल्या. अर्ध्या मिनिटाने हळूच खाली बसले आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे नेलं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. आमचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी किती वेळा शरीर उचललं, हे त्यांच्या लक्षातही नसावं.

असं का करावं लागतं, ते त्यांनी मास्तरासारखं समजावून सांगितलं. तुम्हीआम्ही बसल्या जागी सारखे कूस बदलत असतो, कारण बूड दुखतं. ज्याला कमरेखाली काही कळतच नाही, त्याला दुखत नाही, म्हणून तो हलत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं, आणि काही तासांत कातडी मरायला लागते. वरून बोटाएवढा लाल डाग दिसतो, आत हाडापर्यंत खड्डा पडलेला असू शकतो. अशी एक जखम भरायला महिने जातात, ते महिने पालथं पडून काढायचे. म्हणून दिवसा हा उठाव आणि रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. झोपण्याआधी लांब दांड्याचा आरसा घेऊन स्वतःची पाठ आणि कुल्ले तपासायचे. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, कारण पायांवर उकळतं ओतलं तरी समजणार नाही.

लघवीचं त्याहून अवघड. मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही, ठरावीक वेळाने नळी घालावी लागते. पाणी कमी प्यावं तर खडे होतात, नळी नीट धुतली नाही तर ताप भरतो. कण्याला मार लागलेली माणसं पूर्वी कण्याने मरत नसत, वर्षा-दोन वर्षांत मूत्रपिंडं निकामी होऊन जात. आता ती जगतात. कारण दिवसाचे कितीतरी तास ती फक्त जगण्याच्या कामाला देतात. वयाच्या बाविसाव्या वर्षी ही नोकरी लागते आणि तिला निवृत्ती नाही.

"लोक येतात, पाया पडतात," मेजर म्हणाले. "पाय कुठं हायेत ते मला नजरेनं शोधायला लागतं." आणि मोठ्याने हसले.

या आवारात दुःखाचा बाजार मांडलेला नाही. व्हीलचेअर बास्केटबॉल इतक्या जोरात चालतं की चाकांचे दणके बाहेर ऐकू येतात. मानेखालचं सगळं गेलेले काहीजण तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. इथल्या माणसांसमोर सतत एक नाव असतं, पद्मश्री मुरलीकांत पेटकर यांचं. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा हा मुलगा लष्कराच्या ईएमई या तांत्रिक दलात जवान होता. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. पाण्यातल्या व्यायामाने तो पोहण्याकडे वळला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेऊन आला, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये ४६ वर्षं गेली. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला २०२४मध्ये, तेव्हा पेटकर ऐंशीच्या घरात होते. देशाचं सोनं जिंकलेल्या माणसाची ही गत असेल, तर ज्यांनी काहीच जिंकलं नाही, फक्त रोज सकाळी उठून आपली कातडी वाचवली, त्यांची आठवण कोण ठेवणार?

न झालेल्या युद्धातले पाय

पुण्यातच लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना ते सुरू झालं. तिथल्या चालण्याच्या हॉलमध्ये कमरेच्या उंचीचे दोन समांतर दांडे, समोर भिंतभर आरसा. नवीन पाय लावलेला जवान दांडे धरून उभा राहतो आणि आरशात स्वतःच्या चालीकडे बघत एकेक पाऊल टाकतो. पायाकडे बघायची मनाई असते. खाली बघून चालायची सवय लागली की ती सुटत नाही.

इथे येणाऱ्यांत सुरुंगाने पाय गेलेले अनेक आहेत. डिसेंबर २००१मध्ये संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रम नावाने सैन्य सीमेवर नेलं आणि ऑक्टोबर २००२पर्यंत तिथे ठेवलं. युद्ध झालंच नाही. मात्र राजस्थान, पंजाब, जम्मूच्या शेतांतून लाखो सुरुंग आधी पेरले गेले आणि नंतर काढले गेले, आणि त्या पेरण्या-काढण्यात शेकडो जवान मेले किंवा जायबंदी झाले. कारगिलच्या ५२७ शहिदांची आठवण दर २६ जुलैला निघते. न झालेल्या युद्धाला विजय दिवस नसतो, त्यामुळे त्यातल्या पायांना तारीख नाही.

पाय बसवला की काम संपलं, असं बाहेरून वाटतं. खरं काम कापलेल्या टोकाचं, ज्याला सगळे 'स्टंप' म्हणतात. प्लास्टरचा साचा घेऊन त्याच्या मापाची वाटी बनवतात, तिला सॉकेट म्हणतात. पण स्टंप जिवंत असतो. सकाळी सुजलेला, संध्याकाळी आटलेला. वजन वाढलं की वाटी आवळते, घटलं की खडखडते. मग दिवसातून दोन-तीनदा मोज्याचे थर चढवायचे, उतरवायचे. पावसाळ्यात घामाने कातडी सोलवटते. काही वर्षांनी नवी वाटी आणि पुन्हा पुण्याची वारी. वीस वर्षांच्या मुलाने सत्तरीपर्यंत हे किती वेळा करायचं?

आपली राहणी मांडी घालून बसणाऱ्यांची. गुडघ्यावरून पाय गेलेला माणूस पंगतीत बसू शकत नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात बसू शकत नाही, चिखलात वाफे मोडू शकत नाही. एका जवानाने सांगितलं, लग्नाच्या पंगतीत त्याला टेबल-खुर्ची मांडून वेगळं बसवतात. मान म्हणून. त्याला तो मान नको असतो.

आणि नसलेला पाय दुखतो. मध्यरात्री अंगठ्याला करवतीने कापल्यासारखी कळ येते, अंगठा तर काश्मीरमध्ये राहिलेला. मेंदूतली त्या पायाची जागा रिकामी झालेली नसते, ती संदेशांची वाट बघत राहते. घरच्यांना हे समजावणं कठीण जातं. काहीजण सांगायचंच सोडून देतात.

न दिसणारं दुखणं तर त्याहून मुकं. जुलै २०२२मध्ये सरकारने राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ आत्महत्या झाल्या, त्यातल्या ६४२ एकट्या भूदलात. त्यांच्या नावाची कमान गावाच्या वेशीवर उभी राहत नाही. घरचेही 'अटॅक आला' म्हणून सांगतात.

कुठे लागलं, कसं लागलं

जखमेचं पुढे काय होणार, हे डॉक्टरांइतकंच कागद ठरवतो. जवान जखमी झाला की युनिटकडून वर एक नोंद जाते, 'बॅटल कॅज्युअल्टी' की 'फिजिकल कॅज्युअल्टी'. शत्रूचा मारा, अतिरेक्यांशी चकमक, सुरुंग असेल तर पहिली. कामावर असताना झालेला इतर अपघात दुसरीत. कण्याचा तोच मणका, तोच मज्जारज्जू, खुर्चीही तीच. पण १०० टक्के अपंगत्वाला पेन्शनमधल्या युद्धजखमेच्या घटकाचा दर वेतनाच्या ६० टक्के आहे आणि साध्या अपंगत्वाच्या घटकाचा ३०. तंबूत बसून त्या संध्याकाळी कुणीतरी भरलेला शब्द पुढे पन्नास वर्षं दर महिन्याला त्या घरात येतो.

मग मेडिकल बोर्ड. दुखणं नोकरीमुळे झालं का? नोकरीमुळे वाढलं का? अपंगत्व किती टक्के? वीसच्या खाली असेल तर काही नाही. निकाल पटला नाही तर अपील, आणि तिथूनही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७च्या कायद्याने ते आलं. भरतीच्या वेळी जो मुलगा तपासून धडधाकट म्हणून घेतला, त्याला नोकरीत झालेला आजार नोकरीमुळेच झाला असं धरून चालावं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं. तरीही जिंकलेल्या जवानांविरुद्ध सरकार अपिलात जात राहिलं. ही अपिलं मागे घ्या, असं संरक्षणमंत्र्यांनीच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५मध्ये सुचवलं होतं.

पूर्ण परावलंबी माणसासाठी सोबतीचा भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये झाला, पुढे महागाईप्रमाणे थोडा वाढला. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणारा माणूस त्या पैशात पुण्यात सापडत नाही. म्हणून तो माणूस बायको असते.

चार वर्षांची मुदत

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सतरा-अठरा वर्षांची मुलं देशभरातून येतात. प्रशिक्षण खडतर असतं, असायलाच हवं. दरवर्षी काहीजण त्यात कायमचे जायबंदी होतात, कुणी पोहण्याच्या तलावात, कुणी घोड्यावरून, कुणी बॉक्सिंगच्या रिंगणात. २०२२पर्यंत साधा रंगरूट प्रशिक्षणात जायबंदी झाला तर त्याला अपंगत्व पेन्शन मिळे. अधिकारी होऊ घातलेल्या कॅडेटला मिळत नाही, कारण कमिशन मिळेपर्यंत तो नियमाने सैनिकच नसतो. त्याला सानुग्रह मदत मिळते, ती पूर्ण अपंगत्वालाही महिना ४०,००० रुपयांच्या आसपासच. १९८५पासून अशा मुलांची संख्या सुमारे ५०० असल्याची बातमी आली आणि ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं. त्यातले काहीजण आज चाळिशीत आहेत आणि त्यांचे म्हातारे आईवडील त्यांना पलंगावर उचलून ठेवतात. अधिकारी व्हायला गेलेला मुलगा पुन्हा तान्हा होऊन घरी आला.

जवानाचंही आता तसंच झालं आहे. २०२२पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. मूळ घोषणेनुसार साडेसतरा ते एकवीस वय, प्रशिक्षणासह चार वर्षं, नंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. पहिल्या वर्षी महिना ३०,००० पगार, त्यातले हातात २१,०००. बाहेर पडताना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी, पेन्शन नाही. मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा आणि इतर रकमा. नोकरीमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख, एकदाच. ऑक्टोबर २०२३मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर, म्हणजे या योजनेतला जवान, सियाचिनवर कर्तव्य बजावताना गेला. तिथे १९८४पासून गोळीपेक्षा थंडी आणि बर्फानेच जास्त माणसं नेली आहेत. मरणाच्या बाबतीत अग्निवीर आणि पक्का जवान यांच्यात बर्फ भेद करत नाही.

सैन्य तरुण राहावं, पेन्शनचा बोजा कमी व्हावा, हे योजनेमागचे हेतू समजण्यासारखे आहेत. पण मला खडकीचा तो व्हरांडा आठवत राहतो. इजा जितकी कोवळ्या वयात होते तितकी ती दीर्घकाळ पोसावी लागते, आणि नेमक्या त्याच वयाच्या मुलांशी देशाने आपला करार चार वर्षांचा केला आहे. एकरकमी ४४ लाख ऐकायला मोठे वाटतात. त्यातून बहिणीचं लग्न होतं, घर बांधलं जातं, चुलते-मावसे उसने नेतात. पन्नास वर्षं पुरेल असा पैसा एकवीस वर्षांच्या मुलाच्या हाती एकदम देणं म्हणजे जबाबदारी उरकणं आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून संपतात. स्थळं बघणाऱ्यांनी आत्ताच विचारायला सुरुवात केली आहे, "पोरगा फौजेत आहे ते ठीक, पण चार वर्षांनी काय करणार?"

फॉर्ममधला रकाना

भरती होताना प्रत्येक मुलगा एका रकान्यात निकटच्या नातेवाइकाचं नाव भरतो. बहुतेक आईचं किंवा वडिलांचं. लग्न झालं की ते बदलून बायकोचं होतं. तो रकाना कधी उघडू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. उघडला की घर दुभंगण्याची भीती असते. पेन्शन सुनेला, विम्याचा वाटा कुणाला, पेट्रोल पंप कुणाच्या नावावर. मुलगा आमचा होता, असं सासू म्हणते. नवरा माझा होता, असं म्हणायची सोय चोवीस वर्षांच्या सुनेला नसते. ती वीरपत्नी झालेली असते, तिने फोटोशेजारी बसायचं असतं.

सरकारी नियमांतही ही मनोवृत्ती मुरलेली होती. शौर्यपदकाचा भत्ता मिळणाऱ्या विधवेने पुन्हा लग्न केलं तर तो बंद होई, दिराशी केलं तर मात्र चालू राही. ही अट २०१७मध्ये उठली. सातारचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले, आणि दोन मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक प्रशिक्षण पूर्ण करून २०१७मध्ये स्वतः अधिकारी झाल्या. त्यांचं कौतुक झालं ते योग्यच. पण प्रत्येकीकडून तेवढं बळ मागणं हाही अन्यायच आहे. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी हे फौजींचं गाव आहे. त्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. शहिदाच्या बायकोला उरलेलं आयुष्य माणसासारखं जगता यावं म्हणून एखाद्या गावाला काय करता येतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. त्यासाठी कुठलंही बजेट लागलं नाही.

मागण्या साध्या आहेत

माझ्या या फिरण्यात युद्ध नको म्हणणारा जवान भेटला नाही, तसा युद्ध हवं म्हणणाराही भेटला नाही. ती मागणी चौकात आणि टीव्हीवर ऐकू येते. ज्यांनी किंमत मोजली त्यांच्या मागण्या फार छोट्या होत्या. दुखापतीची नोंद प्रामाणिकपणे व्हावी. एकदा दिलेली टक्केवारी परत परत कोर्टात सिद्ध करायला लागू नये. कॅडेट आणि अग्निवीर यांच्या कायमच्या इजेला कायमची पेन्शन असावी, कारण चार वर्षांनी करार संपतो, अपंगत्व संपत नाही. या तिन्हीला येणारा खर्च सैन्याच्या एकूण खर्चापुढे किरकोळ आहे. तो न होण्याचं कारण पैसा नाही. हा खर्च हळूहळू होतो, पन्नास वर्षं होतो, आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही.

खडकीहून निघताना मी मेजरना विचारलं, गावाने तुमच्यासाठी काय करावं असं वाटतं? त्यांनी पुन्हा एकदा खुर्चीचे हात धरून अंग उचललं, खाली बसले, आणि म्हणाले, "ताई, दर पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायत सत्काराला बोलावते. स्टेजला सात पायऱ्या. चार पोरं खुर्चीसकट मला उचलून वर नेतात, लोक टाळ्या वाजवतात. नारळ-शाल झाली की परत उचलून खाली. अवंदा मी सरपंचांना सांगून टाकलंय, शाल नको, उतार बांधा. मी माझा वर येतो."

मी त्यांच्या गावी गेले तेव्हा उतार बांधलेला नव्हता. ठराव पास झाला आहे, असं ग्रामसेवक म्हणाले.